मधलं बटण

नवी डिस्क आत गेली आणि लगेच टीव्हीवर लग्न सुरू झालं. सभागृहाचं दार, फुलांची कमान, खुर्च्या लावणारी माणसं. स्टुडिओवाल्याने खुशीत मान डोलावली.

“बघा मावशी, घातली की चालू. आता कुठे अडकायचं कामच नाही.”

आई स्टुलावर पर्स मांडीशी धरून बसली होती. “ह्याच्या आधीचं कुठे गेलं?” तिने विचारलं.

“आधीचं काय? इथूनच तर सुरू होतं,” शेजारी उभी असलेली तिची मुलगी म्हणाली.

“तो बोलतो ते.”

मुलीला हसू आलं. “अगं, तो मेनू होता. मीच काढायला सांगितला. रोज दुपारी तिथेच अडकून बसायचीस. हातचं काम टाकून मला स्वयंपाकघरातून यावं लागायचं, बटण दाबायला.”

बहिणीच्या लग्नाची ती फिल्म आईच्या मुलानेच काढली होती, आणि आईसाठी डिस्कही त्यानेच बनवली होती. ती लावली की आधी पडद्यावर एक मोठं गोल बटण यायचं आणि मागून त्याचा आवाज. ‘आई, रिमोटवरचं मधलं बटण दाब. मधलं गं! रिमोट उलटा नाही ना धरलास? हां. दाब आता. दाबलंस?’ मग त्याचं हसणं. सगळं मिळून वीस-बावीस सेकंद. कोणी बटण दाबलं नाही की पुन्हा पहिल्यापासून.

अपघातात तो गेला, त्याला सहा वर्षं झाली होती.

“मला ते हवंय,” आई म्हणाली. “परत घाला.”

स्टुडिओवाल्याने मुलीकडे पाहिलं. मग सावकाश सांगायला लागला. “असं आहे मावशी, नवी डिस्क दोन तऱ्हांनी करता येते. एक म्हणजे जुनीची इमेज काढायची. जशी आहे तशी अख्खी नक्कल, मेनूसकट. नाहीतर आतल्या व्हिडिओच्या फायली तेवढ्या उचलायच्या आणि थेट नवीवर बर्न करायच्या. ताई म्हणाल्या, लग्न तेवढं हवं. म्हणून मी फायलीच घेतल्या.”

“मग आता इमेज काढा.”

“त्याला जुनी डिस्क पुन्हा वाचायला लागेल. मागच्या वेळीच तिने घाम फोडला होता मला.”

पाकिटातून त्याने जुनी डिस्क काढली. तिच्या कडेचा चंदेरी थर पापुद्रे सुटावेत तसा सुटला होता. शर्टाच्या टोकाने त्याने ती अलगद पुसली आणि ड्राइव्हमध्ये सरकवली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. कॉम्प्युटरवर ओळ उमटली: डिस्क टाका.

“टाकलीये की,” आई म्हणाली.

“हो मावशी. पण त्याला दिसत नाहीये.”

त्याने दुसरा ड्राइव्ह लावून पाहिला. मग तिसरा, कपाटावरून काढलेला, धुळीचा. तिन्ही वेळा तीच ओळ. शेवटी त्याने डिस्क पाकिटात घातली आणि पाकीट दोन्ही हातांनी आईपुढे धरलं.

“सॉरी, मावशी. मला कोणी सांगितलं असतं तर...”

मुलीचा चेहरा उतरला होता. “आई, सहा वर्षं मी तुला ते बटण शिकवतेय. एकदा तरी बोलायचंस.”

“मला येत होतं गं दाबायला.”

“मग?”

“दाबलं की तो थांबायचा.”

स्टुडिओवाला उगाच केबल गुंडाळायला लागला.

“आणि मी शेजारपाजारी सांगत फिरतेय,” मुलगी म्हणाली, “की माझी आई रोज दुपारी माझं लग्न लावते. बघितलंस तरी का कधी?”

“तू दाबून आत गेलीस की मी बंद करायचे.” आईने पदराने नाक पुसलं. “रागावू नकोस.”

मुलगी रागावली नाही. शेजारचं स्टूल ओढून ती आईला चिकटून बसली. टीव्हीवर लग्न चालूच होतं. बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. दोघी त्याकडे बघत राहिल्या.

पडद्यावर जेवणाची टेबलं आली. ताटांचा आवाज, पोरांची पळापळ. त्या गर्दीतून एक बाई वाट काढत सरळ समोर आली. केस अजून काळे, चालणं तुरुतुरु. आईने चष्मा सावरला. ती स्वतःच होती.

पडद्यावरची ती कॅमेऱ्याच्या जरा वर, तो धरणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. “सकाळपासून उभा आहेस,” ती म्हणाली. “जेवलास का रे?”

उत्तर ऐकू आलं नाही. डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्यासकट कोणी ‘हो’ अशी मान हलवावी, तसं सगळं चित्र, टेबलं, माणसं, ती बाई, दोनदा वर-खाली झालं.

“खोटं बोलतोय,” आई म्हणाली.