शांततेला पैकीच्या पैकी

"पुढचं मला येत नाही," दिपमाला म्हणाली आणि झोका थांबला.

निंब धुळ्यातल्या देवपूरच्या घरामागचा. झोका आईचा. फाल्गुनात आई गेली, आणि ही तिच्यावाचूनची पहिली आखाजी, पहिली अक्षय्य तृतीया. सासुरवाशिणीनं माहेरी यायचा सण, तसाच गेलेल्यांच्या नावानं पाणी भरायचाही. दिपमाला सकाळीच सासरहून, असोद्याहून, आली होती. तिनं मातीची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, शेजारी गोड सांजोरी ठेवली. घागर भरून झाली की आई झोक्यावर बसायची आणि गाणं म्हणायची. म्हणून आज लेक बसली होती.

निंबले बांधा झोका, माय, निंब डुलाले लागना वं
माहेरना वारा, माय, मन्हासंगे बोलाले लागना वं

एवढंच तिला येत होतं. ह्यापुढचं सगळं आईचं स्वतःचं. ती ते झोक्यावरच जुळवायची, झोक्यावरच सोडून द्यायची. दिपमालाला मात्र कधी सासूचं आजारपण आडवं आलं, कधी पोरांच्या परीक्षा. बरीच वर्षं तिला आखाजीला येताच आलं नव्हतं. त्याच वर्षांत गाण्यात तिच्या नावाचं कडवं आलं होतं. तिला ते शेजारच्या बेबाबाईकडून कळलं. तुझी माय तुझं नाव घेते तेव्हा झोका जरा लांब जातो, असं बेबाबाई म्हणाली होती. शब्द मात्र तिच्याही लक्षात नव्हते. फोनवर विचारलं, तर आई लाजून म्हणायची, ये तर खरी, मग ऐक. कोणी मोबाइल समोर धरला की पदर तोंडाला लागलाच.

दिपमालानं दोरीला डोकं टेकलं. "भाऊ, मायना आवाज कोठे शे का रे?"

ललित ओसरीच्या पायरीवर बसला होता. तो एकदम उभा राहिला.

गेल्या आखाजीला त्याला सुट्टी नव्हती. त्याचं ऑफिस घरातच, मागच्या खोलीत, खिडकीला पाठ करून मांडलेल्या टेबलावर. त्या दुपारी तो मीटिंगमध्ये बोलत होता आणि त्याच्या पाठीमागे, खिडकीबाहेर, आई गात होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आणि कंपनी तर प्रत्येक मीटिंगचं रेकॉर्डिंग जपून ठेवते.

"आहे, अक्का. अख्खं गाणं आहे."

ती ओल्या हातांनीच आत आली. खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसली, पदर सावरला, जणू आईच समोर येऊन बसणार होती.

पडद्यावर गेल्या वर्षीचा ललित उजळला. घरून काम करणाऱ्यांनी कोणत्या शहरात राहावं, ह्याची तुलना चालली होती. ऐकणारा सहकारी प्रशील, मूळचा जळगावचा, पुण्यात कंटाळलेला. ललित एकेका शहराला गुण देत होता. पुण्याचे रहदारीत कापले. इंदूरला खाण्यापिण्यात भरभरून दिले. नाशिकचं भाडं वाढलं म्हणाला. धुळ्याचे उन्हात गेले, पाण्यात गेले, जळगावचेही गेले.

"गाणं कोठे शे?" दिपमालानं विचारलं.

त्यानं आवाज वाढवला. त्याचाच आवाज वाढला. शब्द न् शब्द स्वच्छ, आणि दोन शब्दांच्या मध्ये काहीच नाही. निंबाची सळसळ नाही, झोक्याची करकर नाही.

मग दिपमाला पुढे झुकली. त्यानं पाठीमागचं सगळं धूसर करून ठेवलं होतं. खिडकीचा नुसता उजेड उरला होता, आणि त्या उजेडात एक पिवळा ठिपका मागे जात होता, पुढे येत होता. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं. बोटही मागेपुढे होऊ लागलं.

"ही माय शे," ती म्हणाली. "तिला मीच दिलेलं पिवळं लुगडं. भाऊ, ती गातेय. तिचा आवाज लाव ना."

ललितनं आवाजाची पट्टी पुन्हा शेवटपर्यंत ओढली. आता त्याला आठवलं. घरून काम सुरू झालं तेव्हा त्यानं आईला हळू बोलायला सांगितलं होतं. तिनं मग बोलणंच सोडलं. भाकरीसुद्धा थापायची नाही, हातानं दाबून दाबून मोठी करायची. ते त्याला पाहवेना. म्हणून त्यानं ती सोय शोधून काढली, त्याचा आवाज ठेवून बाकीचे सगळे आवाज गाळून टाकणारी. कौतुकानं तो तिला सांगायला गेला होता की आता तू खुशाल गा, पलीकडे काही ऐकू जात नाही.

आई हसली होती. "मंग मी गासू, आन कोनले ऐकू जावाव नही?"

पण ती गायली होती. रोज गायली होती. आणि सोय रोज चालू राहिली होती.

पडद्यावर ठिपका एकदा लांब गेला. नेहमीपेक्षा लांब. दिपमालाचं बोट पडद्याच्या कडेला टेकलं आणि तिथेच राहिलं. ती त्या मुक्या उजेडाकडे ओठ हलवत बघत राहिली, पण ओठांना शब्द सापडेनात.

तिकडे प्रशील मोठ्यानं हसला. "धुळ्याला शांततेचे पैकीच्या पैकी? इतकं शांत कसं रे? घरात दुसरं कोणी नसतं का?"

"नाही रे," गेल्या वर्षीचा ललित म्हणाला. "मी एकटाच आहे असं समज."