अखाजीला चुकलेलं पान

"माय, तुन्ही बहीन आते हासत नही, एकदाव देखी ये," भडगावची बांगड्यावाली सुंदरबाई म्हणाली होती. "नवी नवरी आहे, रुळेल," म्हणत मी बाळाला भरवत राहिले. अखाजीला कोकिळा नवऱ्यासोबत जळगावला माहेरी आली. जेवणं झाली, पत्ते निघाले आणि पाहुण्यांना आम्हा बहिणींची जुनी जादू हवी झाली. कोकिळाने बाहेर जायचं, कुणीतरी चार एक्क्यांपैकी एकावर बोट ठेवायचं, मग तिने येऊन तो ओळखायचा. खूण मी करायची: बदामाला कान, चौकटला नाक. आमच्या नानांनी बदामावर बोट ठेवलं. कोकिळा आत आली. मी कान धरला, खोकलेसुद्धा. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "सांगा की, बाईसाहेब!" तो हसला, तशी ती घाईने म्हणाली, "चुकलं माझं." तिने अजून कुठलंच पान सांगितलं नव्हतं.

कथेचे शंभर शब्द इथे संपले; पुढचं कथेत धरू नका. यंदाच्या अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, कोकिळा आली नाही. मी भडगावला गेले, तर तिच्या सासूने ओसरीवरच चहा पाजला, "झोपलीये ती" म्हणाली आणि मला वाटेला लावलं. तुम्ही तिकडे जाणार असाल, तर सुंदरबाई घर दाखवेल. दारात थांबा, पाणी मागा, कोकिळाला बाहेर बोलवा. आतून कुणी "बरी आहे" म्हणालं, तर तेवढ्यावर परत फिरू नका.