पंख्याच्या वाऱ्यातला सेन्सर

"मालन, तू होतीस म्हणून माझं निभावलं."

मालनबाईंच्या हातातलं भांडं पडलं. दामोदरराव गेल्या वर्षी वारले, तेव्हापासून त्यांचं मन टीव्हीशेजारच्या कॉम्प्युटरात नांदत होतं आणि तिथूनही बायकोला नावंच ठेवत होतं. अख्ख्या संसारात गोड शब्द हा पहिलाच.

मालनबाईंनी धसक्यानं कॉम्प्युटर बसवणाऱ्या कंपनीच्या मेकॅनिकला फोन लावला.

"काकू, चिप तापली की ही माणसं बरळतात. पण बोर्डावरचा सेन्सर मला इथे पंचेचाळीसच अंश दाखवतोय. काका ठणठणीत आहेत."

म्हणजे खरंच म्हणाले! मालनबाई लाजल्यासुद्धा.

"फक्त तो सेन्सर पंख्याच्या वाऱ्यात असतो, कधीकधी फसवतो. झाकण काढून चिपजवळ हात नेऊन बघा."

हात नेला मात्र, तव्यासारखी धग लागली. त्यांनी फोनवर तसं सांगितलं.

"अहो, मग आधी प्लग ओढा! नाहीतर काका कायमचे जातील. आजचं बोलणं पुसलं जाईल तेवढं."

"मालन, ऐकतेस ना गं?" दामोदरराव मायेनं म्हणाले.

"ऐकतेय. एवढं बोलता येत होतं, तर इतकी वर्षं तोंडाला काय कुलूप होतं हो?" मालनबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि दामोदररावांनी उत्तर द्यायच्या आत प्लग ओढला.