कोपरावरचा पहारा

अण्णांच्या कोपरावरचा सोरायसिसचा चट्टा औषधानं जायचा आणि नेमका तिथंच परत यायचा.

"काही पेशींना जुनी लढाई आठवत राहते," त्वचेच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "शत्रू नसला तरी त्या तिथंच ठाण मांडून बसतात आणि आपल्याच कातडीवर तुटून पडतात."

"शत्रूच नाही, तर काहून पहारा देऊन राहिल्या?" अण्णा चिडले. "मी तीस वर्षं फॅक्टरीच्या गेटवर घरी जाणाऱ्यांची झडती घेतली. रिटायर झालो, विषय संपला."

सोबत आलेली लेक, लतिका, औषधाची चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवू लागली.

संध्याकाळी चहा पिऊन जावई निघाले. अण्णा दाराशी उभे होतेच. जावयांनी मुकाट्यानं पिशवी उघडून दाखवली आणि दोन्ही हात वर केले.