शेगडी दोघांची

लग्नाच्या दिवशी 'तू मला मेलीस' म्हणून दार लावून घेतलेल्या बाबांचा फोन आला, "गल्लीतल्या कोरियन हॉटेलात जेवायला ये." मुलगी धावतच गेली. टेबलातल्या शेगडीवर मांस चरचरत होतं. बाबा कात्रीने तुकडे करून तिच्या वाटीत टाकत होते, लहानपणी करायचे तसे बारीक.

"बाबा, राग गेला ना?"

ते मांस उलटत राहिले.

कोबीच्या लोणच्याची बशी भरायला आलेल्या मालकीणबाई हसल्या. "रोज एकटेच येता, सूप पिऊन जाता. आज शेगडी? ही लेक वाटतं?"

"छे. एकट्याला तुम्ही शेगडी पेटवून देत नाही," बाबा म्हणाले, "म्हणून आणलंय दुसरं माणूस."