कोठीमागचा नर

बंदुकीचा दणका विरायच्या आतच अर्लिस हसायला लागली. तोंडावर हातमोजा दाबला, तरी हसू आवरेना. समोर, धान्याच्या मोडक्या कोठीमागच्या गवतात, दहा टोकांच्या शिंगांचा हरणाचा नर एका गोळीत आडवा झाला होता. पाठीमागे घराचं दार जेमतेम साठ पावलांवर होतं.

शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. विस्कॉन्सिनच्या त्या खोऱ्यात उजाडल्यापासून झाडागणिक शिकाऱ्याचं एक नारिंगी जाकीट बसलेलं. हरणं कमी, माणसंच जास्त. अर्लिसच्या सासरच्या, ग्रिन्डालांच्या शेतावर अकरा वर्षांत कुणालाही शिंगवाला नर मिळाला नव्हता. त्यात यंदा अर्लिसचा नवरा व्हर्लिन गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरी अडकलेला, बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच. सकाळी अर्लिसनं त्याचं जाकीट चढवलं, स्वतःच्या नावाचा परवाना खिशात घातला आणि बंदूक उचलली, तेव्हा तिचा दीर मायलो पोट धरून हसला होता.

"वहिनी, कोंबड्या मारायला निघालात की काय?"

आता तोच मायलो जंगलातून धापा टाकत आला. घरातून व्हर्लिन निघाला, कुबड्यांवर, एका पायात सपात आणि दुसऱ्यात नुसता मोजा. नर बघून मायलो मटकन खालीच बसला. शिंगांची टोकं त्यानं दोनदा मोजली. मग टोपी उडवली आणि वहिनीला उचलून गरकन फिरवलं. व्हर्लिन कुबडी हवेत नाचवायला गेला आणि पडता पडता वाचला. तिघंही खुळ्यासारखी हसत सुटली.

"पण इथे कसा आला हा?" व्हर्लिननं विचारलं. "घराला चिकटून?"

"पहिल्या दिवशी इथेच येतात हरणं," अर्लिस म्हणाली. " तुम्ही सगळे जंगल तुडवायला लागलात, की नऊच्या सुमाराला गुपचूप या गवतात येऊन बसतात. भांडी घासताना दिसतात मला."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

व्हर्लिनचा आ वासलेला तसाच राहिला. "बत्तीस वर्षं मी तिकडे बर्फात कुडकुडतोय! अगं, मग सांगितलं का नाहीस?"

अर्लिसनं डोळ्यांतलं पाणी पुसलं.

"सांगितलं असतं तर तू घरीच बसला असतास! वर्षातून तेवढाच एक दिवस अख्खं घर मला एकटीला मिळायचं."