मशीन थांबलं की घरी जा

तीच पोल्का नाचाची रेकॉर्ड एकेचाळिसाव्यांदा सुरू झाली, तेव्हा फादर ग्रेगर यांनी रिकामा कप उगाच पुन्हा एकदा तोंडाला लावला. दिवाणखान्यात एकतीस माणसं होती, सगळी काळ्या कपड्यांत. सँडविचं केव्हाच संपली होती, हॅमचं नुसतं हाड उरलं होतं. तरी घरी जायला कोणी उठत नव्हतं.

उठणार कसं? एमिल कुबियाकने मरायच्या आधी एकेकाला पलंगाशी बोलावून शब्द घेतला होता. "मला पुरून झालं की माझ्या घरी या. माझ्या आवडीच्या सहा रेकॉर्ड लावा. मशीनला कोणी हात लावायचा नाही. शेवटची रेकॉर्ड संपली की ते आपलं आपण थांबेल. थांबलं की घरी जा." फादरसुद्धा हो म्हणून बसले होते. मरणाऱ्याला नाही कोण म्हणणार? आणि तोही एमिलसारखा हट्टी! जिवंत होता तेव्हा तरी त्याने कधी कोणाचं ऐकलं होतं?

पाच रेकॉर्ड शहाण्यासारख्या थप्पीतून एकामागून एक खाली पडल्या आणि वाजल्या. सहावीही पडली, वाजली, संपली. सुई उचलली गेली, मागे गेली, आणि थांबायचं सोडून पुन्हा सुरुवातीला येऊन बसली. तेव्हा तीन वाजले होते. आता पाच वाजून गेले होते. दर तीन मिनिटांनी एकतीस माणसं श्वास रोखून धरत होती आणि दर तीन मिनिटांनी तो अकॉर्डियनवाला नव्या दमाने सुरू होत होता. दोन म्हाताऱ्यांचे पाय तर कधीच ठेका धरायला लागले होते.

कोपऱ्यात हार्लन टेशला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. एमिलचं हे मशीन त्याने दुरुस्त केलं होतं. चांगले पाच महिने खपून! एमिलला उचलायला सहा माणसं लागली, पण ही लाकडी पेटी हलवायला आठ लागली होती. मेणासारखं घट्ट झालेलं जुनं ग्रीस त्याने काडीने खरवडून काढलं होतं. झिजलेली रबरी चाकं बदलली होती. सकाळी स्वतःच्या हाताने रेकॉर्ड रचून गेला होता. विस्कॉन्सिनच्या या टापूत जुन्या मशीनचा डॉक्टर म्हणून त्याचं नाव होतं. या खोलीतल्याच चौघांची मशीनं त्याच्या शेडमध्ये खोलून पडली होती. ते चौघं आता त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होते, ती काही बरी नव्हती.

"हार्लन," एमिलचा मेहुणा डेल्मर म्हणाला, "तिकडे माझ्या साठ गाई दूध दाटून ओरडत असतील. त्यांना कुठलीही रेकॉर्ड लाव, पान्हा काही थांबायचा नाही."

"अरे, होईल बंद."

"कधी? ईस्टरला? उद्या सकाळी माझं मशीन परत न्यायला येतो बाबा. गप्प बसलेलंच बरं आहे ते."

कोणीतरी हसलं. हार्लनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो ताडकन उठला. "शब्द मोडायचाच तर मी मोडतो. मीच दुरुस्त केलंय हे मशीन." पेटीवरचा एमिलचा फोटो, फुलं आणि केकचं ताट त्याने बाजूला केलं आणि झाकण उचललं.

आत पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. बिघाड नव्हताच! रेकॉर्डच्या थप्पीवर एक आडवा दांडा टेकवून ठेवावा लागतो. थप्पी संपली की तो खाली येतो आणि मशीनला कळतं, आता थांबायचं. दांडा बाजूला सारला, की बिचारं मशीन शेवटची रेकॉर्ड जन्मभर वाजवत बसतं. दांडा कोणीतरी पार कडेला सारून ठेवला होता. सकाळी त्याने तो बरोबर बसवला होता, अगदी शपथेवर.

"या मशीनला हात कोणी लावला?" तो गरजला.

सगळ्यांच्या माना नाही म्हणून हलल्या. डेल्मरने तर देवाची आण घेतली. हार्लनला संताप आला आणि आनंदही झाला. आता सगळ्यांना झाकणाजवळ बोलवायचं, तो दांडा दाखवायचा आणि या डेल्मरवर सगळ्यांसमोर माफी मागायची पाळी आणायची.

तेवढ्यात एमिलची बायको व्हर्ना कॉफीची किटली घेऊन त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. त्याच्या कपात कॉफी ओतायला लागली. कप भरला, बशी भरली, तरी तिचं लक्ष नव्हतं.

"सकाळी तूच दाखवलं होतंस ना, कसं चालतं ते," ती अगदी हळू म्हणाली. "चोपन्न वर्षं झाली रे. हे लोक गेले की या घरात मी एकटी. मला भीती वाटते, हार्लन."

पोल्का संपली. सुई उचलली गेली. सगळी माणसं श्वास रोखून हार्लनकडे बघायला लागली. एका बोटाचं काम होतं.

हार्लनने झाकण लावलं. एमिलचा फोटो उचलून पुन्हा नीट ठेवला.

"माझंच काम कच्चं राहिलंय, मंडळी," तो मोठ्याने म्हणाला. "हे काही आज थांबायचं नाही."